फोनची नक्कल कुठे जमते आणि कुठे फसते

प्रश्न दोन भागांत आहे. पहिला: सगळे स्मार्टफोन एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, मग मूळ कोणाचं आणि उचललं कोणी? दुसरा: फोन इतके सारखे आहेत, तरी एखादं वेब पान एका फोनवर सुरळीत चालतं आणि दुसऱ्यावर त्याचं खालचं बटणच सापडत नाही, असं का?

दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यावं लागतं. फोनचं रूप उचलायला फार वेळ लागत नाही. पण ते रूप ज्या अडचणीवर तोडगा म्हणून आलं, ती अडचण उचलणाऱ्याला ठाऊक असतेच असं नाही. जिथे ती कळलेली असते तिथे नक्कल मूळापेक्षाही बरी निघते. नसते तिथे ती वापरताना उघडी पडते, आणि ब्राउझरमध्ये सर्वांत आधी.

कोणाचं काय, हा हिशेब आधी उरकून टाकू. वरून बोटाने खाली ओढायचा सूचनांचा पडदा अँड्रॉइडवर २००८ पासून होता. आयफोनवर तो २०११ मध्ये आयओएस ५ सोबत आला. चालू अ‍ॅप पत्त्यांसारखी मांडायची आणि नको ते वर भिरकावून बंद करायचं, ही पद्धत पामच्या वेबओएसने २००९ मध्ये पाम प्री फोनवर आणली. आज ती अँड्रॉइडवरही आहे आणि आयफोनवरही. वेबओएस मात्र फोन सोडून एलजीच्या टीव्हीत राहायला गेलंय. मोठ्या स्क्रीनची वाट सॅमसंगने २०११ मध्ये ५.३ इंची गॅलेक्सी नोट काढून पाडली, अ‍ॅपल २०१४ मध्ये ५.५ इंचांवर पोचली. बोट सरकवून कुलूप उघडण्याचं अ‍ॅपलचं पेटंट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द ठरवलं, कारण तसंच काहीसं नियोनोड या छोट्या कंपनीच्या फोनवर आयफोनच्या आधीच होतं. हेडफोनचं भोक आपल्या पिक्सेलमध्ये शाबूत असल्याचं गूगलने २०१६ मध्ये मिरवलं आणि पुढच्याच वर्षी ते स्वतः बुजवलं. म्हणजे हात कोणाचेच स्वच्छ नाहीत. तरीही बोटांनी ओढणं, चिमटीने झूम आणि संगणकावरचं अख्खं वेब पान दाखवणारा ब्राउझर, हे सगळं एका वस्तूत गुंफून चालवून दाखवलं ते २००७ च्या आयफोनने, एवढं श्रेय नाकारता येत नाही.

कोर्टाचा विषय निघतोच. अ‍ॅपलने एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सॅमसंगवर दावा लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने सुमारे १.०५ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की डिझाइन पेटंट मोडल्यावर द्यायचा नफा अख्ख्या फोनवरच मोजायला हवा असं नाही, तो एखाद्या भागापुरताही मोजता येतो. मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीने ५३.९ कोटी डॉलरचा आकडा काढला आणि जूनमध्ये दोघांनी प्रकरण मिटवलं. ‘गोल कोपऱ्यांच्या आयताचं पेटंट’ म्हणून या खटल्याची टर उडवली जाते, पण डिझाइन पेटंट कल्पनेचं नसतं, चित्राचं असतं. चित्रात सलग रेषेने काढलेलं तेवढं संरक्षित, तुटक रेषेतलं नाही. आणि कसोटी सामान्य ग्राहकाच्या नजरेची. २०१२ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात तर गॅलेक्सी टॅब आयपॅडची नक्कल ठरला नाही, कारण तो आयपॅडइतका ‘कूल’ नाही असं न्यायाधीशांचंच मत पडलं. असा विजय जाहिरातीत छापता येत नाही.

निकालांपेक्षा त्या खटल्यात बाहेर आलेला सॅमसंगचा १३२ पानी अंतर्गत अहवाल मला जास्त बोलका वाटतो. आपला फोन आणि आयफोन शेजारी ठेवून एकेक स्क्रीन तपासायची, फरक लिहायचा, सुधारणा सुचवायची, असं त्याचं स्वरूप. प्रतिस्पर्ध्याची वस्तू उघडून पाहणं हे या धंद्यातलं रोजचं काम आहे, त्यात गैर काही नाही. अडचण वेगळीच आहे. अशा अहवालात ‘काय’चा रकाना भरतो, ‘का’चा रिकामाच राहतो.

याचं सर्वांत छोटं आणि सुंदर उदाहरण म्हणजे यादीच्या टोकाला बसणारा हिसका. आयफोनवर यादी संपली तरी बोट ओढत राहिलात तर ती थोडी ताणली जाते आणि सोडल्यावर जागेवर येते. हाही पेटंटमधला मुद्दा होता. वरवर पाहता हा लाड वाटतो. पण यादी टोकाला जाऊन ठप्प थांबली तर वापरणाऱ्याला कळत नाही, की यादी संपली की फोन अडकला? ताण हे त्याचं उत्तर आहे: फोन जिवंत आहे, मजकूर संपलाय. हा ताण सरळ प्रमाणात नसतो. जाणकारांनी उलगडलेलं सूत्र असं: ओढलेल्या अंतराला ०.५५ ने गुणा, पडद्याच्या उंचीने भागा, त्यात १ मिळवा. १ ला या बेरजेने भागून आलेलं उत्तर १ मधून वजा करा आणि पुन्हा उंचीने गुणा. पडदा ६०० बिंदूंचा (बिंदू हे अ‍ॅपलचं पडद्यावरचं माप) असेल तर १०० बिंदू ओढल्यावर यादी सुमारे ५० सरकते आणि ३०० ओढल्यावर जेमतेम १२९. म्हणजे जितकं ओढाल तितकी ती जड होते, खऱ्या रबरासारखी.

अँड्रॉइडवाल्यांनी पेटंटाच्या भानगडीपासून दूर राहत टोकाला उजेडाची कड दाखवली. दिसायला वेगळी, पण काम तेच, म्हणून ती वर्षानुवर्षं चालली. पुढे २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ मध्ये मजकूरच ताणला जाऊ लागला. कारण समजून घेऊन काम केलं की चोरी करावी लागत नाही ती अशी. याउलट काही वेबसाइटवाले हा हिसका पानात जावास्क्रिप्टने वठवायला जातात. मग प्रत्येक स्पर्शावर ब्राउझर आधी त्यांच्या कोडची परवानगी घेतो, मगच पान सरकवतो, आणि स्क्रोल चिकट होतं. हा प्रकार इतका बोकाळला, की २०१७ मध्ये क्रोमने पानाच्या मुळाशी लावलेले स्पर्शाचे लिसनर (स्पर्श झाला की चालणारा कोड) आपोआप ‘पॅसिव्ह’ धरायला सुरुवात केली. म्हणजे कोडने ऐकावं, पण स्क्रोल अडवू नये.

आता नॉच. सप्टेंबर २०१७ च्या आयफोन टेनमध्ये ती खाच होती, कारण चेहरा ओळखायला लागणारा ठिपके फेकणारा प्रोजेक्टर, इन्फ्रारेड कॅमेरा, स्पीकर असं बरंच सामान तिथे बसवायचं होतं. (एसेन्शियल फोनची छोटी खाच त्याच्या काही महिने आधीची.) पुढच्या वर्षी खाचांची साथच आली. कितीतरी फोनांच्या त्या रुंद खाचेत साधा कॅमेरा आणि कानाचा स्पीकर एवढंच होतं, आणि पडद्याखालची जाड पट्टी, म्हणजे हनुवटी, तशीच. ती हनुवटी का राहते, हे समजून घेण्यासारखं आहे. पडद्याच्या ओळी चालवणारी ड्रायव्हर चिप आणि जोडपट्टी खालच्या कडेला येते. स्वस्त रचनेत चिप थेट काचेवर चिकटवतात. तिला जागा हवी, म्हणून हनुवटी. चिप लवचीक फिल्मवर घेऊन ती फिल्म मागे दुमडली की कड बारीक होते. पडदाच प्लास्टिकच्या पायावरचा ओलेड (स्वतःच उजळणारा) असेल तर खालचं टोक खुद्द मागे वळवता येतं. आयफोन टेनमध्ये तेच केलं होतं. एलसीडीच्या मागच्या उजेडाचे दिवेही एका कडेला लागतात, म्हणून तिथे चारही बाजू सारख्या बारीक करणं जड जातं. थोडक्यात, वरची खाच ड्रॉइंगमध्ये उचलता येते, खालची कड मात्र पैसे मोजूनच बारीक होते. खाच आहे आणि हनुवटीही आहे असा फोन दिसला, की समजावं: कल्पना वरून आली, बजेट खालून.

इंचांच्या आकड्याने तर ग्राहकाची सर्रास दिशाभूल होते, आणि इथूनच ब्राउझिंगची गोष्ट सुरू होते. इंच हे कर्णाचं माप. जुना १६:९ चा ५.५ इंची पडदा सुमारे ६८.५ मिलिमीटर रुंद असतो, १९.५:९ चा ६.१ इंची पडदा सुमारे ६५. आकडा वाढला, रुंदी घटली. २०१७ मध्ये एलजी जी६ आणि गॅलेक्सी एस८ ने उंच पडदे आणले आणि बाकीचे मागोमाग गेले. त्यामागे पकडीचा विचार आहे: हातात मावतं की नाही हे रुंदीवर ठरतं. पण वाचायची ओळ रुंदीतच मावते, उंचीत नाही. वेब पान मोठं दिसेल या आशेने उंच फोन घेणाऱ्याला जास्त ओळी मिळतात, मोठी ओळ नाही.

उंचीने आणखी एक घोळ केला: अ‍ॅड्रेस बार अंगठ्याच्या आवाक्याबाहेर गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांच्या १,३३३ निरीक्षणांत ७८० जण पडद्याला स्पर्श करत होते, त्यांतले ४९ टक्के फोन एका हाताने वापरत होते, आणि तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा बुटके होते. बार खाली घ्यावा हे उघड होतं. विंडोज फोनवरच्या इंटरनेट एक्सप्लोररने ते आधीच केलं होतं. क्रोमने बरीच वर्षं प्रयोग करून सोडून दिले, मग २०२३ मध्ये आयफोनवर आणि २०२५ मध्ये अँड्रॉइडवर तो पर्याय दिला. फायरफॉक्सने २०२० च्या नव्या अँड्रॉइड आवृत्तीत केलं. सफारीने २०२१ मध्ये आयओएस १५ मध्ये केलं. सफारीच्या पहिल्या चाचणी आवृत्तीत बार तरंगता होता आणि नेहमीची बटणं एका मेनूत कोंबली होती. आरडाओरडा झाला, बटणं परत आली आणि बार वर ठेवायचा पर्यायही मिळाला. माझं मत विचाराल तर बार खालीच हवा, पण त्याने बटणं गिळता कामा नयेत.

बार वर असो की खाली, तो स्क्रोल करताना आकसतो, आणि तिथेच प्रश्नाच्या दुसऱ्या भागातलं हरवलेलं बटण सापडतं. पान बनवणारा एखाद्या भागाची उंची ‘१०० व्हीएच’ लिहितो, म्हणजे पडद्याची पूर्ण उंची. कोणती पूर्ण? बार असतानाची की आकसल्यानंतरची? सफारीने मोठी उंची धरायचं ठरवलं, नाहीतर बार हलला की अख्खं पान उड्या मारेल. क्रोमनेही पुढे तेच स्वीकारलं. परिणाम असा, की पान उघडताना बार पूर्ण असतो आणि तळाचं ‘पुढे चला’ बटण पडद्याबाहेर गेलेलं किंवा बारखाली दडलेलं असतं. संगणकावर फोनचा आकार निवडून तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण तिथे आकसणारा बारच नसतो. २०२२ पासून यावर नीट उपाय आहे: ‘एसव्हीएच’ ही लहान उंची, ‘एलव्हीएच’ मोठी, ‘डीव्हीएच’ त्या क्षणाची. पहिल्या पडद्यावर बटण दिसायलाच हवं असेल तर एसव्हीएच वापरा. डीव्हीएच मोहक वाटतं, पण बारसोबत मजकूरही हलतो, ते जपून. जुन्या ब्राउझरसाठी आधी व्हीएचची ओळ, तिच्याखाली नवी ओळ. ज्याला नवी कळत नाही तो ती सोडून देतो.

तळाला चिकटवलेल्या पट्टीचा दुसरा शत्रू म्हणजे बिनबटणाच्या आयफोनवरची खालची रेघ. उभ्या फोनवर ती ३४ बिंदूंची जागा खाते. व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये (पान पडद्यावर कसं बसवायचं हे सांगणारी कोडमधली ओळ) ‘व्ह्यूपोर्ट-फिट’ला ‘कव्हर’ दिलंत की पान कडेपर्यंत जातं, पण मग सुरक्षित अंतराची किंमत ब्राउझरकडून घेऊन तळाला पॅडिंग (मोकळी जागा) देणं तुमच्याच अंगावर येतं. ३४ हा आकडा हाताने लिहू नका. फोन आडवा केला की तो बदलतो, आणि दुसऱ्या फोनवर नसतोच.

कीबोर्डच्या बाबतीत मात्र एका नक्कलेने सगळ्यांचं भलं केलं. आयफोनवर कीबोर्ड उघडला की तो पानावर पसरतो, पानाची मांडणी बदलत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये मांडणीच आक्रसायची, तळाची पट्टी कीबोर्डच्या डोक्यावर चढून बसायची आणि ज्या रकान्यात लिहायचं तोच झाकला जायचा. क्रोम १०८ ने आयफोनची वागणूक घेतली. जुनी हवी असेल तर व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये तसं सांगायची सोय ठेवली. नक्कल करावी तर अशी: मुद्द्याची, आणि माघारीचा रस्ता ठेवून. आयफोनवर रकान्यात बोट ठेवलं की पान एकदम मोठं होतं, त्याचं कारण अगदी क्षुल्लक असतं: रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान आहेत. ती १६ करा, झूम थांबेल. त्यासाठी झूमच बंद करण्याचा जो इलाज सांगितला जातो तो करू नका. कमी दिसणाऱ्यांचा तो मोठा आधार आहे.

झूमचा इतिहासही इथेच येतो. पहिल्या आयफोनचा पडदा ३२० पिक्सेल रुंद, वेब पानं मात्र संगणकाच्या मापाची. सफारीने पान ९८० रुंद आहे असं मानून मांडलं आणि मग आक्रसून दाखवलं. १६ पिक्सेलचं अक्षर त्यात ५ पिक्सेलचं होतं. त्या पडद्यावर ते ०.८ मिलिमीटर. म्हणून दोनदा टॅप करून परिच्छेद मोठा करायची सोय आली. पण पहिल्या टॅपनंतर दुसरा येतोय का, हे पाहायला ब्राउझरला ३०० मिलिसेकंद थांबावं लागायचं, म्हणून प्रत्येक लिंक उशिरा उघडायची. बाकीच्यांनी दोन टॅपची सोय घेतली, सोबत हा उशीरही. फोनच्या रुंदीला बेतलेल्या पानांवर ही वाट पाहणं क्रोमने २०१४ मध्ये बंद केलं, सफारीने २०१६ मध्ये. आजही एखाद्या पानावर टॅप मंद वाटला तर सर्वांत आधी पाहा, की व्ह्यूपोर्टचा टॅग आहे का आणि त्यात रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ दिलीय का.

ब्राउझर एकमेकांची नावंही ढापतात. क्रोम स्वतःची ओळख देताना आधी मोझिला म्हणतो, मग अ‍ॅपलवेबकिट (सफारीत पान मांडणारं इंजिन), मग ‘गेकोसारखा’ (गेको हे फायरफॉक्सचं इंजिन), मग क्रोम आणि शेवटी सफारी. कारण वेबसाइट नाव पाहून चांगलं पान द्यायचं की भंगार हे ठरवत. मायक्रोसॉफ्टने तर २०१४ मध्ये विंडोज फोन ८.१ च्या ब्राउझरला स्वतःला ‘अँड्रॉइड’ आणि ‘आयफोनसारखा’ म्हणवून घ्यायला लावलं. मोबाइल पानांचे लेखक फक्त वेबकिटचे खास गुणधर्म लिहीत, म्हणून फायरफॉक्सनेही २०१६ मध्ये त्यांतले कित्येक आपल्यात घेतले. याला चोरी म्हणायला जीभ रेटत नाही; ही पोटापाण्याची सोय होती. तेव्हा ब्राउझरच्या नावावरून पान बदलू नका, क्षमता आहे का ते विचारा. आणि आयफोनवरच्या क्रोममध्ये पान तपासलं म्हणजे क्रोममध्ये तपासलं असं समजू नका: तिथे आत वेबकिटच चालतं. युरोपीय संघात २०२४ पासून दुसरं इंजिन वापरायची मुभा नियमाने आहे.

हावभावांची नक्कल हा अजून न मिटलेला तंटा. अँड्रॉइड १० ने २०१९ मध्ये दोन्ही कडांवरून आत सरकवलं की ‘मागे’ असं केलं. पण डाव्या कडेवरून मेनू ओढायची सवय त्याच अँड्रॉइडने लोकांना लावली होती. आता मेनू उघडायला जावं तर पानच मागे जातं. अ‍ॅपला कडेचा काही भाग या हावभावातून वगळून मागता येतो, पण एका कडेला जास्तीत जास्त २०० डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप). वेब पानाला तेही नाही. म्हणून पानात सरकती चित्रमाला असेल तर तिची सुरुवात कडेपासून आत घ्या, आणि बाजूला बाणांची बटणं द्या. बटणाचं माप अ‍ॅपल ४४ बिंदू सांगते, गूगल ४८ डीपी. डोळ्याला लहान आयकॉन हवा असेल तर आयकॉन लहान ठेवा, भोवतीची स्पर्शाची जागा नाही.

फोन निवडताना हे सगळं पाच मिनिटांत तपासता येतं. एका हातात धरून अंगठ्याने अ‍ॅड्रेस बार आणि परत फिरायचा हावभाव करून पाहा. लांबलचक मजकुराचं पान उघडून जोरात भिरकवा आणि मध्येच बोटाने थांबवा. तिथल्या तिथे थांबायला हवं. फॉर्म असलेल्या पानावर शेवटच्या रकान्यात लिहा, कीबोर्ड तो झाकतो का पाहा. पडद्याच्या कडा वळलेल्या असतील तर तळहात टेकवून लिंक आपोआप दाबल्या जातात का बघा. अक्षरांचं माप सेटिंगमधून वाढवा आणि तेच पान पुन्हा उघडा. मग फोन आडवा करून खाचेच्या बाजूचा मजकूर कापला जातोय का, ते पाहून घ्या.